जंगलातलं जुनं घर शोधायचं तर आधी रस्ता शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मॅसॅच्युसेट्सच्या उत्तर टोकाला राहता. गेल्या वर्षी मेटल डिटेक्टर घेतला, बीचवर आणि मैदानांवर फिरलात, सुटी नाणी आणि कॅनच्या कड्या भरपूर जमल्या. मग कोणीतरी सांगितलं की खरी जुनी नाणी जंगलात, पडक्या घरांच्या जागी मिळतात. म्हणून जुलैत घराजवळच्या जंगलात तीन शनिवार दिवसदिवस भटकलात आणि एकही जागा दिसली नाही. मशीन बदलू का, असं तुम्ही विचारता. शिवाय डिसेंबरात गावी जाताना मशीन बरोबर न्यावं का, हेही विचारलंय.

मशीनचा यात दोष नाही. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: घर शोधू नका, रस्ता शोधा. दोनशे वर्षांपूर्वीच्या घराचं आज जे उरलंय ते म्हणजे पाचोळ्याने भरलेला, पंधरा-वीस फुटी तळघराचा खड्डा. हजार एकर रानात तो नुसत्या भटकण्याने सापडला तर नशीब. रस्ता मात्र मैलोन्मैल लांब असतो, नकाशावर असतो, गावच्या दप्तरात असतो, आणि माणसं घरं बांधायची ती त्याच्याच कडेला.

आधी एक अट सांगतो. मी दक्षिण न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो आणि बरीच वर्षं ह्याच भागात फिरतो आहे. त्यामुळे इथून पुढचं सगळं न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या, जमिनीला धरून आहे. इथे ग्रॅनाइट आहे, दगडी तळघरं आहेत, चुना-मातीशिवाय रचलेले दगडी गडगे आहेत. तुमचा एखादा मित्र टेक्सासात किंवा व्हर्जिनियात राहत असेल तर त्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही. तिथली कित्येक घरं दगडी खांबांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उभी असायची, खाली खड्डाच नसायचा. दुसरी अट जमिनीच्या मालकीची. तिच्याकडे नंतर येतो, पण शोधाला निघण्याआधी ती सोडवावी लागते.

आता, घरं जंगलात गेली कशी? हे कळलं की निम्मं काम झालं, म्हणून थोडा इतिहास. इथलं आजचं जंगल मूळचं नव्हे. अठराव्या शतकात वसाहतवाल्यांनी झाडं तोडून शेतं आणि कुरणं केली. १८१० च्या सुमारास विल्यम जार्व्हिस नावाच्या लिस्बनमधल्या अमेरिकन कॉन्सलने स्पेनच्या मेरिनो मेंढ्या इकडे आणल्या, आणि पुढची तीस-एक वर्षं या डोंगराळ मुलखाला मेंढ्यांचं वेड लागलं. १८४० मध्ये एकट्या व्हरमाँटमध्ये सुमारे १७ लाख मेंढ्या होत्या. माणसं तीन लाखांच्या आत. डोंगरमाथ्यापर्यंत कुरणं गेली आणि त्यांच्या कडेने गडगे. न्यू इंग्लंडमधल्या सगळ्या गडग्यांची लांबी सुमारे २,४०,००० मैल भरेल असा अंदाज नेहमी सांगितला जातो. जंगलात चालताना दर दोनशे पावलांवर गडगा आडवा येतो त्याचं कारण हे.

मग लोक उठून गेले. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ च्या उन्हाळ्यात इथे जून-जुलै-ऑगस्टमध्ये हिम पडलं, पिकं गेली. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि ओहायोची काळीभोर, बिनदगडी जमीन हाकेच्या अंतरावर आली. लोवेल आणि (न्यू हॅम्पशायरमधल्या) मँचेस्टरच्या कापडगिरण्यांनी पोरी-पोरं ओढून नेली, रेल्वेने पश्चिमेचं धान्य आणि लोकर स्वस्तात आणली, १८६१ च्या यादवी युद्धाने उरलेसुरले तरुण नेले. डोंगरावरची शेतं पडीक पडली, त्यांवर व्हाइट पाइन उगवला, पाइन तोडल्यावर ओक आणि मेपल आले. आज न्यू हॅम्पशायरचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली आहे.

म्हणजे घर जंगलात बांधलेलं नव्हतं. ते उघड्या माळावर, वापरातल्या रस्त्यालगत, शेजाऱ्याच्या धुरापासून फार लांब नसलेलं असं होतं. जंगल नंतर आलं. तुम्ही झाडांत घर शोधत होता. झाडं मनातून पुसून टाका आणि त्या माळावर बैलगाडी कुठून जात असेल ते विचारा.

रस्ता ओळखायचा कसा? दोन गडगे एकमेकांना समांतर, दोन ते तीन रॉड अंतरावर धावत असतील, तर बहुधा तो रस्ता. रॉड म्हणजे साडेसोळा फूट; म्हणजे अंतर तेहतीस ते पन्नास फुटांच्या आसपास. त्याहून बरंच अरुंद असेल तर ती गुरं कुरणात न्यायची वाट, आणि तीही उपयोगाचीच, कारण तिचं एक टोक गोठ्याशी जातं. रस्त्याची मधली जमीन चाकांनी झिजून खोल गेलेली असते. उतारावर कडा कापलेली दिसते. ओहोळ ओलांडताना दगडी मोरी किंवा पुलाचे दोन दगडी खांब उरतात. कडेला ओळीने म्हातारे शुगर मेपल असले तर शंकाच नको. न्यू हॅम्पशायरमध्ये अशा बऱ्याच रस्त्यांना आजही कायद्याने ‘क्लास सहा’ म्हणतात: रस्ता सार्वजनिक आहे, पण टाउन (म्हणजे इथली ग्रामपंचायत म्हणा) त्याची देखभाल करत नाही. टाउन हॉलमध्ये विचारलं तर यादी मिळते. जे रस्ते पूर्णच बंद केले त्यांची नोंद जुन्या टाउन मीटिंगच्या इतिवृत्तांत असते, आणि रस्ता बंद करायचा ठराव झाला याचा अर्थ त्या रस्त्यावर राहणारं आता कोणी उरलं नव्हतं. मला एखाद्या टाउनमध्ये काम सुरू करायचं असेल तर मी टाउन क्लार्कच्या टेबलापाशी आधी जातो, जंगलात नंतर.

आता नकाशे. तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हा भाग सोपा जाईल, आणि नेमकी तिथेच एक फसगत आहे. १८५० च्या दशकात हेन्री वॉलिंग आणि इतर सर्वेक्षकांनी काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, मोठे भिंतीवरचे नकाशे काढले. त्यांत प्रत्येक घराला एक ठिपका आणि शेजारी घरमालकाचं नाव. १८७० च्या दशकात बीअर्सचे ॲटलास आले, त्यांतही नावं. न्यू हॅम्पशायरसाठी १८९२ चा हर्डचा ॲटलास आहे. आणि १८८०-९० पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे टोपो (जमिनीची उंची-उतार दाखवणारे) नकाशे, ज्यांत घरं काळ्या चौकोनांनी दाखवली आहेत. ते सगळे सरकारच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडेही काउंटी नकाशे स्कॅन केलेले आहेत.

हे नकाशे एकेकटे पाहू नका, एकमेकांशेजारी ठेवा. १८५६ च्या नकाशावर घर आहे, १८७५ च्या ॲटलासात नाही, तर ते मधल्या वीस वर्षांत मोडलं. असं घर सोनं. कारण तिथे विसाव्या शतकाचा कचरा जवळपास नसतो: बाटल्यांची झाकणं, काडतुसांची टोपणं, ॲल्युमिनियम, काही नाही. उलट १८९० च्या टोपोवरही घर असेल तर तिथे माणूस कदाचित १९३० पर्यंत राहिला, आणि तुम्हाला जुन्या नाण्यांवर पत्र्याच्या डब्यांचा थर मिळेल. मी ती जागा सोडून देत नाही, पण पहिली निवडही करत नाही.

फसगत अशी: हा जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर ताणून बसवायचा आणि ठिपक्याच्या अक्षांश-रेखांशावर जाऊन उभं राहायचं, हे जमत नाही. ठिपके शेकडो फूट इकडे-तिकडे असतात, कधी त्याहून जास्त. सर्वेक्षक रस्त्यावरून अंतर मोजत गेला होता. त्याचा क्रम बरोबर असतो, जागा अंदाजे. म्हणून नकाशा क्रमाने वाचा. ‘ओहोळाचा पूल, त्यापुढे डावीकडे एक घर, मग रस्त्याचं वळण, वळणानंतर उजवीकडे दोन घरं.’ पुलाचे दगड जंगलात सापडले की त्या क्रमाने चालायला लागा.

आणखी एक गोष्ट अनुभवी लोक सहसा उघड बोलत नाहीत. १८५० च्या नकाशावर जी घरं आहेत ती सगळ्यांना दिसतात. १९७० पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिथे कॉइल (मशीनची जमिनीवर फिरवायची चकती) फिरवली आहे. नकाशा निघायच्या आधीच जी मोडली, १८१६ नंतर किंवा ईरी कालव्यानंतर लोक गेले ती, ती कोणत्याच नकाशावर नाहीत. तिथे तुम्हाला इंग्लंडच्या जॉर्ज राजाचे तांब्याचे हाफपेनी, १७८५ ते १७८८ मधली कनेटिकट किंवा व्हरमाँटची नाणी, स्पॅनिश रिआल मिळू शकतात. (स्पॅनिश चांदी अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती, त्यामुळे तिचं इथे सापडणं काही चमत्कार नव्हे.) आणि ही बिननकाशाची घरं सापडायची एकच रीत आहे: रस्ता धरून चालणं, आणि दोन ठिपक्यांमधली मोकळी जागा संशयाने बघणं.

इथे लायडार कामी येतं. विमानातून लेझर सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजतात आणि संगणकाने झाडं काढून टाकतात. उरते नागडी जमीन. ‘हिलशेड’ नावाचा थर लावला की गडगे बारीक रेषांसारखे उमटतात. न्यू हॅम्पशायरने तर गडगे आखण्यासाठी लोकांना खुला नकाशाच दिला आहे. कनेटिकट विद्यापीठातल्या कॅथरिन जॉन्सन आणि विल्यम ओइमेट यांनी २०१४ मध्ये दक्षिण न्यू इंग्लंडमध्ये हीच पद्धत वापरून गडगे, पाये, जुने रस्ते कसे वाचता येतात ते दाखवलं. कनेटिकटवाल्यांना आणखी एक चैन आहे: १९३४ मध्ये त्या राज्याचे संपूर्ण हवाई फोटो काढले गेले, त्यांत आज जंगल असलेली कित्येक शेतं अजून उघडी दिसतात.

लायडारवर तळघराचा खड्डा म्हणजे रस्त्यालगतचा छोटा, कोपरे असलेला काळा ठिपका. मधोमध किंवा एका बाजूला उंचवटा दिसला तर तो धुराड्याचा दगडी पाया, आणि प्रचंड मोठा मध्यवर्ती पाया बहुतेक वेळा अठराव्या शतकाकडे बोट दाखवतो. शेजारी किंवा रस्त्याच्या पलीकडे मोठा आयत असेल तर तो गोठा. गोलाकार सपाट चकत्या दिसल्या तर तिकडे धावू नका. पश्चिम कनेटिकटमध्ये लोखंडाच्या भट्ट्यांसाठी कोळसा पाडायच्या त्या जागा आहेत आणि त्या हजारोंनी आहेत. झाड मुळासकट उपटून पडलेल्या जागीही खड्डा असतो, पण त्याच्याशेजारी मातीचा ढिगारा असतो आणि त्याला कोपरे नसतात.

प्रत्यक्ष रानात उतरण्याआधी डोळा तयार करा, आणि त्यासाठी मशीन घरी ठेवा. तुमच्यापासून दीड-दोन तासांवर क्वाबिन जलाशय आहे. बोस्टनच्या पाण्यासाठी १९३८ मध्ये डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार टाउन कायद्याने बरखास्त केली. डेना गावाचं मधलं मैदान पाण्याबाहेर राहिलं. पीटरशॅमच्या बाजूने चाळीस नंबरच्या गेटातून चालत जाता येतं. तिथे तळघरांचे खड्डे, पायऱ्या, फाटकांचे खांब सगळं उघडं आहे. तिथे डिटेक्टर चालवायला बंदी आहे, आणि शिकायला ते बरंच आहे. ग्लॉस्टरचं डॉगटाउन हे ओसाड गावही असंच. रॉजर बॅबसन नावाच्या उद्योजकाने विसाव्या शतकात तिथल्या खड्ड्यांना नंबर घातले. आणि तुमच्या अगदी जवळ, होलिस-मिलफर्डच्या सीमेवर, १७७० मध्ये मोडलेलं मॉन्सन गाव आहे. हे तिन्ही बघून या. एका दिवसात वीस पाये बघितले की एकविसावा जंगलात आपोआप दिसतो.

जंगलात रस्ता धरून चालताना मी काय बघतो? आधी गडग्यातले दगड. नुसते मोठाले धोंडे असतील तर आत कुरण होतं. धोंड्यांत मुठीएवढे बारीक दगड भरलेले असतील तर आत नांगर चालत होता. दर हिवाळ्यात जमीन गोठून खालचे दगड वर येतात आणि शेतकरी ते वेचून गडग्यावर टाकतो. नांगरलेली जमीन सहसा घराजवळ असते. मग झाडं. सरळसोट झाडांत एखादा अवाढव्य, आडव्या फांद्यांचा ओक दिसला तर तो उघड्या माळावर वाढलेला आहे; त्याच्या सावलीत गुरं बसायची, कदाचित माणसंही.

घराची खूण देणारी झाडं वेगळी. आपल्याकडे उठून गेलेल्या वाडीची जागा जशी जोत्यांवरून आणि एकाकी उभ्या चाफ्यावरून ओळखतात, तसं इथे लायलॅकचं फुलझुडूप. कोणी पाणी घालत नाही, सूर्य मिळत नाही, तरी दीडशे वर्षं ते दाराशी उभं असतं. त्याच्या जोडीला नारिंगी डे-लिली आणि जमिनीवर पसरलेली, हिवाळ्यातही हिरवी राहणारी व्हिंका. वसंतात पाचोळ्यातून व्हिंकेचा हिरवा गालिचा दिसला की थांबा, मात्र एक तपासा: ती कधीकधी जुन्या दफनभूमीतही लावलेली असते. शेतातल्या घरगुती थडग्यांना नेहमी कोरीव दगड नसतो. डोक्याशी आणि पायाशी उभे केलेले दोन ओबडधोबड दगड, एवढंच. तसं काही दिसलं तर कॉइल बंद करून लांब जा. यात चर्चेला जागा नाही.

ऋतू महत्त्वाचा. बर्फ वितळल्यापासून पालवी फुटेपर्यंत, म्हणजे एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा, आणि पानं गळल्यावर जमीन गोठेपर्यंत. तुम्ही जुलैत गेलात म्हणता. जुलैत दहा फुटांवरचा खड्डा फर्नमध्ये दिसत नाही. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा झळझळीत नारिंगी जाकीट आणि टोपी घालूनच जा.

खड्डा सापडला, आता मशीन काढा. बहुतेक नवखे थेट खड्ड्यात उतरतात. उतरू नका. आत कोसळलेलं छप्पर, विटा आणि हजारो खिळे आहेत, भिंतींचे दगड सुटे झालेले आहेत, आणि ते उपसून पाया मोडणं हा कोणत्याही मालकाचा विश्वास गमवायचा सर्वात जलद मार्ग आहे. माणसाच्या खिशातून वस्तू पडायच्या त्या तळघरात नाहीत. त्या पडायच्या दारापुढच्या अंगणात, दारापासून विहिरीच्या वाटेवर, घरापासून गोठ्याच्या वाटेवर, गडग्यातल्या फाटकाच्या फटीत आणि रस्त्याच्या कडेला, जिथे माणूस गाडीत चढायचा-उतरायचा. जुन्या घरांचं तोंड पुष्कळदा रस्ता कुठेही असो, दक्षिणेला असायचं, उन्हासाठी. त्या बाजूला आधी जा.

पहिली फेरी मी मशीनमधून लोखंडाचे आवाज न गाळता करतो. लोखंडाचा आवाज बंद केला की मशीन शांत आणि तुम्ही आंधळे. इथे लोखंड हाच नकाशा आहे. घर बहुतेकदा खड्ड्यापेक्षा मोठं असतं, कारण तळघर फक्त एका खोलीखाली खणलेलं असतं. खिळ्यांची खडखड जिथे दाट होते तिथे भिंत होती, जिथे एकदम थांबते तिथे अंगण सुरू होतं. त्या कडेवर वेग निम्मा करा. एखाद-दुसरा खिळा उकरून बघाच, तो तारीख सांगतो. प्रत्येक बाजू हातोड्याने घडवलेला, डोक्यावर चार-पाच पैलू असलेला खिळा म्हणजे साधारण १८०० च्या आधीचा. पत्र्यातून कापलेला, आयताकृती देहाचा म्हणजे एकोणिसावं शतक. गोल तारेचा म्हणजे १८९० नंतरचा. सगळेच खिळे तारेचे निघाले तर ती कोणाची तरी शिकारीची झोपडी होती. चहा पिऊन परत फिरा.

नाणं रोज मिळत नाही हेही सांगायला हवं. या घरांत रोकड कमी फिरायची; उधारी आणि अदलाबदल जास्त. मिळतात ती सपाट पितळी बटणं, बुटांची बक्कलं, कथलाच्या चमच्यांचे तुकडे, शिशाच्या गोळ्या. तुम्हाला मजा वाटेल अशा दोन गोष्टी इथे फार सापडतात. एक, बैलांच्या पायांच्या पत्र्या, खुराच्या दोन भागांसाठी दोन. दुसऱ्या, शिंगांच्या टोकांना बसवायच्या पितळी शेंब्या, अगदी पोळ्याला घालतात तशा. घोड्याआधी इथला नांगर बैलांनी ओढला. अशी शेंबी सापडली की तिथे गोठा किंवा शेताची वाट जवळ आहे असं समजा आणि त्या दिशेने कॉइल चालवा. १७९३ ते १८५७ मधलं मोठं तांब्याचं सेंट मिळालं तर घासू नका. इथल्या आम्ल मातीने तांब्याचा पृष्ठभाग आधीच खाल्लेला असतो. अंगठ्याने माती पुसलीत तरी त्यावरची उरलीसुरली मुद्रा जाऊ शकते.

आता मालकी, जी मी वर बाजूला ठेवली होती. संघराज्याच्या जमिनीवर, व्हाइट माउंटन राष्ट्रीय जंगल धरून, १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढणं गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानांत तर वापरायला तयार डिटेक्टर जवळ बाळगणंही चालत नाही. राज्यांची उद्यानं आणि जंगलं यांचे नियम राज्यागणिक बदलतात. टाउनच्या संवर्धन जमिनींवर बहुधा मनाई असते. म्हणजे व्यवहारात उरते खासगी जमीन आणि मालकाची लेखी परवानगी. न्यू हॅम्पशायर-व्हरमाँटमध्ये पाटी नसलेल्या रानात फिरायला कोणी हरकत घेत नाही, त्यावरून खणायलाही चालतं असा समज करून घेऊ नका.

मालक शोधणं सोपं आहे. टाउन असेसरच्या (मालमत्ता कर आकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑनलाइन नकाशावर प्रत्येक तुकड्याचं नाव आणि टपालाचा पत्ता असतो. मी पत्र पाठवतो, फोन नाही. पत्रात तीन गोष्टी: मी कोण, तुमच्या जमिनीवर अमुक जुन्या रस्त्यालगत १८५८ मध्ये अमुक कुटुंबाचं घर होतं त्याचा नकाशा सोबत जोडला आहे, आणि जे सापडेल ते आधी तुम्हाला दाखवीन. तो नकाशा सगळ्यात जास्त काम करतो. आपल्या रानात कोणाचं घर होतं हे बहुतेक मालकांना माहीत नसतं आणि ते खूश होतात. टाउनच्या इतिहास मंडळाचं सदस्य व्हा; तिथल्या म्हाताऱ्या मंडळींना दहा तळघरं ठाऊक असतात आणि दोन मालक त्यांचे शेजारी असतात.

आणि हे आपल्यातलं म्हणून सांगतो: खांद्यावर फावडं घेतलेला अनोळखी देशी माणूस रानात दिसला तर लहान गावात कोणीतरी पोलिसांना फोन करतंच. वाईट वाटून घेऊ नका. परवानगीचं पत्र खिशात ठेवा, गाडीच्या काचेत मालकाचं नाव आणि तुमचा फोन लिहिलेला कागद ठेवा, आणि शेजारी दिसला तर तुम्ही आधी हात हलवा.

धोक्यांपैकी दोनच खरे. पहिला, विहीर. घरापासून जवळच असते, दगडाने बांधलेली, आणि वर टाकलेल्या फळ्या कधीच कुजलेल्या असतात. खड्डा दिसला की पहिलं काम विहीर कुठे आहे ते शोधायचं, काठीने जमीन ठोकत. एकटे जाऊ नका. दुसरा, गोचीड. लाइम रोगाचं नावच कनेटिकटमधल्या लाइम गावावरून पडलं आहे. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारा, पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत बघा. बारबेरीच्या काटेरी झुडपांत गोचिड्या जास्त, आणि दुर्दैवाने पडक्या अंगणांत बारबेरी फार माजते.

आता राहिले तुमचे दोन प्रश्न. गावी मशीन नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्यावर १९५८ चा स्मारकांचा आणि १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. गडावर किंवा जुन्या गावठाणात डिटेक्टर घेऊन दिसलात तर छंद म्हणून कोणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये. वडिलांच्या शेतात पडलेली अंगठी शोधायची एवढंच काम असेल तर तिथलंच एखादं साधं मशीन मागून घ्या.

आणि मशीन बदलू नका. तुमच्याकडचं आहे तेच एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं आहे, ते पुरे आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर सहा इंची कॉइल घ्या; खिळ्यांच्या गर्दीत दोन खिळ्यांमधलं बटण मोठ्या कॉइलला ऐकू येत नाही. एक चांगला पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) आणि मुळं कापणारं दातेरी फावडं, बस. उरलेल्या पैशांत टाउनच्या जुन्या नकाशाची मोठी प्रत छापून घ्या. तुम्ही ज्या जंगलात तीन शनिवार फिरलात त्या टाउनचं नाव आणि लायडारचा एक स्क्रीनशॉट इथे टाका; गडग्यांच्या रेषांत जुना रस्ता कुठून जातो ते मी बघून सांगतो.